भिंतीवरची लाल फुली आणि रस्त्याखालचे जाळे : रुंदीकरणाविषयी वाचकांचे प्रश्न

रस्ता रुंदीकरणाविषयी ठाणे आणि नवी मुंबईच्या वाचकांकडून आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. नगररचना आणि रस्तेबांधणी या दोन्ही कामांतल्या जाणकारांनी मिळून उत्तरे दिली आहेत. एकाच मुद्द्याची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : पालिकेची माणसे आमच्या कुंपणभिंतीवर लाल रंगाने फुली मारून शेजारी "२.४०" लिहून गेली. ही नोटीस समजायची का? इमारत पाडणार का?
— सोसायटीचे सचिव, वर्तकनगर, ठाणे

ही नोटीस नव्हे. ती मोजणीची खूण आहे. आकडा बहुधा खुणेपासून रस्त्याची रेषा किती मीटर आत येते ते सांगतो. पण काही वेळा तो खुणेपासून इमारतीच्या दर्शनी भिंतीपर्यंतचे अंतरही असतो. म्हणून पहिले काम म्हणजे प्रभाग कार्यालयात किंवा शहर विकास विभागात जाऊन आकडा कशाचा ते लेखी विचारणे. अंदाजाने घाबरू नका आणि अंदाजाने निर्धास्तही राहू नका.

दुसरे काम म्हणजे ही रेषा कोणत्या कायद्याखालची आहे ते शोधणे. रस्ता रुंद करण्याचे मार्ग दोन. एक, विकास योजनेत दाखवलेला रस्ता, म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ खालचा. ठाण्याची विकास योजना १९९९ मध्ये मंजूर झाली आणि वगळलेला भाग २००३ मध्ये. दुसरा, महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ च्या कलम २१० खाली आयुक्तांनी ठरवलेली रस्त्याची नियमित रेषा. पुढची कार्यपद्धती, हरकतीची जागा आणि मोबदल्याचा मार्ग यावर ठरतो. पत्रव्यवहारात कलमाचा उल्लेख नसेल तर तो मागून घ्या.

मग चार कागद गोळा करा : मालमत्ता पत्रक, नगर भूमापनाचा नकाशा, विकास योजनेचा भाग नकाशा आणि तुमच्या इमारतीचा मंजूर बांधकाम नकाशा. शेवटचा सर्वात महत्त्वाचा, आणि नेमका तोच बिल्डरकडे राहिलेला असतो. त्याच्या कोपऱ्यात क्षेत्र विवरणाचा तक्ता असतो. त्यात "रस्त्याखाली जाणारे क्षेत्र" अशी ओळ असेल आणि समोर आकडा असेल, तर ती पट्टी बांधकामाच्या वेळीच सोडलेली आहे आणि तिचा चटईक्षेत्र निर्देशांक (एफएसआय) बिल्डरने इमारतीतच वापरलेला असण्याची शक्यता मोठी आहे. अशा पट्टीवर दुसऱ्यांदा मोबदला मिळत नाही. पट्टी सोडून कुंपण मात्र जुन्याच जागी राहते, आणि पंधरा-वीस वर्षांनी सभासदांना ती आपलीच वाटू लागते. सोसायट्यांचे अर्धे वाद इथेच मिटतात, किंवा इथेच पेटतात.

विकास योजनेच्या नकाशावर मोजपट्टी ठेवून अंतर मोजू नका. १:४००० प्रमाणाच्या नकाशावर अर्ध्या मिलिमीटर जाडीची रेघ म्हणजे जमिनीवर दोन मीटर. तुमचा अख्खा वाद त्या रेघेच्या जाडीत बसतो. ही रेषा नगर भूमापनाच्या १:५०० च्या नकाशावर उतरवून, पालिका आणि भूमी अभिलेख यांची संयुक्त मोजणी करून घ्या. मोजणीच्या वेळी समोरच्या बाजूचीही मापे टिपा. रस्त्याची मध्यरेषा जुन्या डांबराच्या मध्यावर धरली की मालमत्तांच्या हद्दींच्या मध्यावर, यावरून एका बाजूला मीटर-दीड मीटर जास्त जाऊ शकतो. हरकत घ्यायची तर या मुद्द्यावर, मापांसकट. "आमच्यावर अन्याय होतो" एवढ्याच वाक्याच्या अर्जावर काहीच हलत नाही.

जागेवरचा अभियंता "रेषा थोडी सरकवून घेऊ" म्हणाला तर त्यावर विसंबू नका. विकास योजनेतला रस्ता सरकवायला नगररचना अधिनियमाच्या कलम ३७ खाली फेरबदलाची प्रक्रिया लागते. ती जागेवर होत नाही.

प्रश्न : आमच्याकडचा रस्ता दोन-दोन मार्गिकांचा आहे आणि संध्याकाळी तुंबतो. तीन-तीन मार्गिका केल्या तर कोंडी सुटेल का? त्यासाठी दुकाने आणि घरे मागे घ्यावी लागणार आहेत.
— एक रहिवासी, मानपाडा, ठाणे

आधी मोजा. सोपे आहे. चार जण, दोन तास, संध्याकाळी सहा ते आठ, एका दिशेची वाहने प्रकारानुसार लिहायची. चौकाजवळ नको, रांग जिथपर्यंत पोहोचत नाही तिथे उभे राहा. मग प्रत्येक वाहन मोटारीच्या मापात बदलायचे. भारतीय रस्ते काँग्रेसच्या १०६ क्रमांकाच्या मार्गदर्शिकेत (१९९०) शहरी रस्त्यांसाठी हे गुणक दिले आहेत : मोटार १, दुचाकीचे प्रमाण दहा टक्क्यांहून जास्त असेल तर ०.७५, रिक्षा तशाच प्रमाणात असेल तर २, बस-ट्रक पाच टक्क्यांच्या आत असतील तर २.२, छोटा टेम्पो १.४. रिक्षाला मोटारीच्या दुप्पट धरतात, कारण ती जागा कमी घेते पण कुठेही थांबते.

समजा तासाला ६०० दुचाकी, ३२० मोटारी, २६० रिक्षा, ३० बस-ट्रक, ४० टेम्पो आले. गुणून बेरीज १,४१२ होते, म्हणजे १,४१२ मोटारींइतकी वाहतूक. यापुढे हिला एकके म्हणू.

आता रस्त्याची क्षमता पाहा. त्याच मार्गदर्शिकेप्रमाणे चार मार्गिकांच्या दुभाजकवाल्या रस्त्यावर दोन्ही दिशा मिळून तासाला ३,६०० एकके धरतात, पण तो मुख्य रस्ता असेल, कडेला वाहने उभी नसतील आणि दारे थेट रस्त्यावर उघडत नसतील तर. दारे उघडतात पण वाहने उभी राहत नाहीत, असा असेल तर २,९००. दुकाने, उभ्या गाड्या, मधूनच रस्ता ओलांडणारे, सगळे असेल तर ढोबळमानाने २,२०० धरू (हा आकडा मार्गदर्शिकेतला नव्हे, अंदाजाचा). रुंदी तीच. हे आकडे पूर्ण तुंबण्याचे नाहीत, सुसह्य वाहतुकीचे आहेत, पण तुलना त्यांचीच करायची.

एका दिशेला अर्धे धरले तर कडेला गाड्या उभ्या असताना तुमचा रस्ता ११०० एकके वाहतो आणि येतात १,४१२. गाड्या हटवल्या तर १,४५० वाहतो. म्हणजे वरच्या उदाहरणात एकही भिंत न पाडता रस्ता पुरतो. पार्किंग हटवायचे म्हणजे गाड्यांना जागा द्यावी लागते, हे खरे. गावदेवी मैदानाखाली वाहनतळ केले ते याच हिशेबाने. पण हा पर्याय रुंदीकरणाच्या प्रस्तावात मोजून मांडला आहे का, हे हरकतीत नक्की विचारा.

चौकाचे गणित वेगळेच आहे. सिग्नलला वाहने किती सुटतात ते चौकाजवळच्या रुंदीवर आणि हिरव्या दिव्याच्या वेळेवर ठरते. ढोबळ सूत्र : रुंदी मीटरमध्ये गुणिले ५२५, म्हणजे हिरवा दिवा तासभर लागून राहिला तर सुटणारी एकके. ७ मीटरला ३,६७५. १२० सेकंदांच्या फेऱ्यात तुमच्या बाजूला ४० सेकंद हिरवा असेल तर त्याचा तिसरा हिस्सा, १,२२५. येणारी १,४१२ आहेत, म्हणून तासाला जवळजवळ १९० एककांची रांग मागे वाढत जाते. आता मधला अर्धा किलोमीटर तीन मार्गिकांचा करा आणि चौक ७ मीटरचाच ठेवा : सुटणारी वाहने तेवढीच, रांग फक्त जास्त रुंद होईल. उलट हिरवा दिवा ४८ सेकंद केला की १,४७० सुटतात. ती आठ सेकंदे आडव्या रस्त्याची जातात, तेव्हा तिकडचीही मोजणी हवीच. तेही जमत नसेल तर फक्त सिग्नलआधीचे ५०-६० मीटर साडेदहा मीटर रुंद करा. त्याच ४० सेकंदांत १,८३७ सुटतात. डाव्या वळणाची मोकळी मार्गिका याच पन्नास मीटरांत बसते.

कोपरीचा रेल्वेपूल अरुंद होता तोवर महामार्ग दोन्हीकडे कितीही रुंद असून गाड्या पुलाशीच अडत होत्या, हे ठाणेकरांना सांगायला नको. रुंदीकरणाचा नकाशा हातात आला की सर्वात आधी त्यातली सर्वात अरुंद जागा शोधा : नाल्यावरची मोरी, देवळाचा कट्टा, न्यायालयात अडकलेला एखादा गाळा. ती जागा शेवटी होणार असेल तर तोवर बाकीच्या रुंदीवर गाड्या उभ्या राहतील, आणि मग त्या काढणे हे नवे काम होऊन बसेल.

प्रश्न : सोसायटीची १२० चौ.मी. जागा रस्त्यात जाते आहे. रोख मोबदला घ्यावा की टीडीआर?
— खजिनदार, पाचपाखाडी, ठाणे

आधी अभिहस्तांतरण (कन्व्हेयन्स), म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर होणे, झाले आहे का ते पाहा. मालमत्ता पत्रकावर अजून बिल्डरचे किंवा मूळ जमीनमालकाचे नाव असेल तर टीडीआरचे, म्हणजे जागेच्या बदल्यात मिळणाऱ्या आणि दुसरीकडे वापरता किंवा विकता येणाऱ्या बांधकाम हक्काचे, विकास हक्क प्रमाणपत्र त्याच्या नावाने निघेल. त्यावर उपाय म्हणजे जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणाचा (डीम्ड कन्व्हेयन्सचा) अर्ज. तो आज करा, मोबदल्याची चर्चा नंतर.

पर्याय तीन. सोसायटी नजीकच्या काळात पुनर्विकासाला जाणार असेल तर त्या जागेचे चटईक्षेत्र आपल्याच उरलेल्या भूखंडावर वापरणे बहुतेक वेळा सर्वात फायद्याचे, कारण ते विकावे लागत नाही आणि दराच्या फरकात घटत नाही. टीडीआर घेतला तर दाट वस्तीच्या क्षेत्राबाहेर जमिनीच्या दुप्पट आणि दाट वस्तीत तिप्पट मिळतो. म्हणजे तुमचे २४० चौ.मी. पण तो दुसरीकडे वापरताना शीघ्रसिद्ध गणकातील (रेडी रेकनरमधील) जमिनीच्या दरांचे गुणोत्तर लागते. तुमच्याकडे दर ४० हजार आणि वापरणाऱ्याकडे ६० हजार असेल, तर २४० चे १६० होतात. विकत घेणारा हा हिशेब करूनच भाव सांगतो. तुम्हीही करून ठेवा. रोख मोबदला भूसंपादन कायदा, २०१३ खाली ठरला तर शहरी भागात बाजारमूल्य आणि तेवढेच दिलासा मूल्य, म्हणजे दुप्पट, शिवाय बाजारमूल्यावर अधिसूचनेपासून निवाडा किंवा ताबा यांपैकी जे आधी होईल तोवर सालीना १२ टक्के. मात्र पालिकेला यात पैसे मोजावे लागतात, म्हणून तिचा कल टीडीआरकडे असतो. ताबापावतीवर सही करण्याआधी मोबदल्याचा प्रकार आणि क्षेत्र त्याच कागदावर लिहून घ्या. ताबा दिल्यावर घाई फक्त तुम्हाला उरते.

प्रश्न : बाजारपेठेतल्या जुन्या इमारतीत पागडीचा गाळा आहे. पुढचे आठ फूट कापले जाणार. उरलेला भाग टिकेल का? भाडेकरू म्हणून आम्हाला काही हक्क आहे का?
— एक दुकानदार, ठाणे पश्चिम

टिकेल की नाही ते खांबांची पहिली रांग कुठे आहे त्यावर आहे. रेषा खांबांच्या पुढे असेल, म्हणजे फक्त छज्जा, बाल्कनी किंवा ओटा जात असेल, तर काम सोपे. डायमंड कटरने स्लॅब सरळ कापायचा, ब्रेकर लावायचा नाही. ब्रेकरचे हादरे आतल्या जुन्या सळ्या आणि काँक्रीट यांची पकड सोडवतात आणि सहा महिन्यांनी आतून पोपडे पडू लागतात. उघड्या सळ्यांची टोके गंजरोधक लावून पॉलिमर मॉर्टरने बंद करायची.

खांबांची रांगच रेषेत येत असेल तर क्रम उलटा करावा लागतो. आधी आत नवा पाया, नवे खांब, त्यांच्यावर नवी तुळई, सर्व मजल्यांवर. तोवर स्लॅब टेकूंवर. नव्या काँक्रीटला ताकद आल्यावरच जुना भाग कापायचा. आणखी एक गोष्ट बऱ्याचदा सुटते. खांबांच्या दोन रांगांमधल्या जागेलाही गाळा म्हणतात; अशा अनेक गाळ्यांचा स्लॅब सलग असतो आणि तो खांबांवर वरच्या सळ्यांनी तोललेला असतो. पुढचा गाळा कापला की आतल्या स्लॅबचा तोल बदलतो, मधोमध भार वाढतो आणि खालच्या सळ्या त्याला पुरतीलच असे नाही. म्हणून संरचना अभियंत्याने कापण्याआधी सळ्या तपासल्या पाहिजेत, कापल्यावर नव्हे. वीटकामाच्या भारवाही भिंती आणि लाकडी तुळया असलेल्या इमारतीत पुढची भिंत काढणे म्हणजे माडीचा आधार काढणे. तिथे अर्धवट कापण्यापेक्षा पुनर्बांधणीचाच विचार करा.

वीजमीटर, गॅसचा मीटर, पाण्याची जोडणी आणि जिना बऱ्याचदा याच आठ फुटांत असतात. त्यांच्या स्थलांतराचे अर्ज महिनाभर आधी द्या.

हक्काचे म्हणाल तर जमिनीचा मोबदला मालकाचा, पण उरलेल्या भागातली तुमची भाडेदारी संपत नाही. कापण्याआधी पालिकेच्या पंचनाम्यात गाळ्याचे आतले माप, पोटमाळ्यासकट, तुमच्या नावासह लिहिले गेले पाहिजे. भाडेपावत्या, गुमास्ता, वीजबिल आणि मालमत्ताकराचा उतारा त्याच दिवशी प्रतींसह द्या. पंचनाम्यात नाव नसलेला भाडेकरू नंतर पुनर्वसनाच्या यादीत शिरू पाहतो तेव्हा फार दमतो.

प्रश्न : काँक्रीटचा नवा रुंद रस्ता चार महिन्यांत खोदला. विजेचे खांब अजून रस्त्याच्या मधोमध उभे आहेत. नियोजन कुठे चुकते?
— तीन वाचक, ढोकाळी, कळवा आणि कासारवडवली

चुकते ते क्रमात. जुन्या रस्त्याच्या कडेला जे पुरलेले असते ते रुंदीकरणानंतर गाड्यांच्या चाकांखाली येते : जलवाहिनी, मलवाहिनी, पावसाळी गटार, महावितरणच्या केबल, गॅसवाहिनी, चार-पाच कंपन्यांच्या दूरसंचार तारा. प्रत्येकाचा नकाशा वेगळा आणि बहुतेक जुना. म्हणून निविदेआधी दर २५-३० मीटरवर आडवे चाचणी खड्डे हाताने खोदून काय किती खोल आहे ते नोंदवायला हवे. जमिनीत बघणारे रडार वापरतात, पण खाडीकडच्या खारट, ओल्या चिकणमातीत त्याला फारसे दिसत नाही. बाळकुम, कोपरी, कळवा या पट्ट्यात खड्डेच खरे.

सगळ्यात खोल मलवाहिनी असते म्हणून ती आधी, मग पावसाळी गटार, मग पाणी, मग गॅस आणि वीज, शेवटी दूरसंचार. शक्य तेवढे पदपथाखाली. घरगुती नळजोडण्याही त्याच वेळी बदलायच्या. जुनी जस्त चढवलेली लोखंडी नळी काँक्रीटखाली गळू लागली की पाणी वीस मीटर दूर वर येते, आणि गळती शोधायला तीन पॅनेल फोडावी लागतात. चर भरताना २०-३० सें.मी.चे थर घालून प्रत्येक थर दाबायचा. एकदम माती लोटून वरून रोलर फिरवला की पहिल्या पावसात ती बसते आणि काँक्रीट पोकळीवर तरंगते. तडा तिथेच जातो.

पुढच्या दहा वर्षांत नव्या तारा येणारच, म्हणून दर ५०-१०० मीटरवर आणि प्रत्येक चौकात ३०० मि.मी.चा रिकामा आडवा पाइप टाकून ठेवतात. हे निविदेत असतेही. पण त्याची दोन्ही टोके पदपथाखाली गाडली जातात, चेंबर बांधत नाहीत, नकाशावर नोंद होत नाही. पाइप असून रस्ता फुटतो तो यामुळे. तुमच्या रस्त्याचे काम चालू असेल तर या पाइपांची टोके कुठे आहेत ते विचारा, छायाचित्र काढा.

खांबांचे दुखणे पैशांचे आणि जागेचे. खांब हलवायचा तर पालिकेने महावितरणकडे रक्कम भरून तिच्याकडून काम करून घ्यायचे, किंवा देखरेख शुल्क भरून परवानाधारक ठेकेदाराकडून. दोन्हीत वीज बंद ठेवण्याची परवानगी लागते आणि नवा खांब, विशेषतः रोहित्र (ट्रान्सफॉर्मर), उभे करायला जागा लागते. ती जागा कुठली ते रस्त्याच्या आराखड्यात दाखवलेले नसते, कारण पदपथाची रुंदी आधीच संपलेली असते. ठेकेदाराला मात्र काँक्रीटच्या मापाप्रमाणे बिल मिळते. तो खांबाभोवती चौकोन सोडून पुढे जातो.

प्रश्न : रुंदीकरणात रस्ता फूटभर उंच झाला आणि पावसाचे पाणी आवारात येते. आता काय करावे?
— अध्यक्ष, तळमजल्यावरच्या सभासदांच्या वतीने, ठाणे पूर्व

काँक्रीटच्या रस्त्याला खालचा खडीचा थर १५०, सुके काँक्रीट १५० आणि वरचे काँक्रीट २५०-२८० मि.मी. लागते. हे साडेपाचशे मि.मी. खाली खोदून बसवायचे असतात. पण खोदताना जलवाहिनी वर लागली की ठेकेदार खोदाई थांबवतो आणि पातळी वर उचलतो. म्हणून काम सुरू होण्याआधी तुमच्या दारापुढची अंतिम पातळी किती ते लेखी मागायचे आणि ओट्यावर रंगाने खूण करायची. दुभाजकाकडून कडेला २ टक्के उतार धरला तर ७ मीटरला १४० मि.मी. पडतात, म्हणजे कडेची पातळी मधल्यापेक्षा तेवढी खाली असायलाच हवी. ती तशी आहे का हे दोरी आणि पाणपातळीनेही कळते.

तुमचे काम झालेलेच आहे. प्रवेशद्वारात आडवी जाळीची गटार करून ती पालिकेच्या पावसाळी गटाराला जोडा, मात्र त्या गटाराचा तळ तुमच्या आवारापेक्षा खाली आहे याची खात्री करूनच. तो वर असेल तर भरतीच्या वेळी पाणी उलटे आत येईल. तिथे झडपेचे चेंबर आणि पंपच लागेल.

प्रश्न : रस्ता रुंद झाला, पदपथ अरुंद झाला. नियम काय?
— ज्येष्ठ नागरिक, नौपाडा

चालायला अडथळ्याविना किमान १.८ मीटर, हे भारतीय रस्ते काँग्रेसचे प्रमाण आहे. २० मीटरच्या रस्त्यात दोन्ही बाजूंना ७-७ मीटर, दुभाजक १.२ आणि पदपथ २.४-२.४ सहज बसतात : १.८ चालायला, ०.६ खांब आणि झाडांना. पदपथ कमी दाखवला असेल तर ती जागा कशात गेली ते आडव्या छेदाच्या नकाशावर दिसते. तो नकाशा मागा.

प्रश्न : आमच्या रस्त्यावरची जुनी झाडे वाचतील का?
— वाचक, पोखरण रोड परिसर

झाडे तोडण्याच्या प्रस्तावाची जाहीर सूचना निघते आणि हरकतीला मुदत फार थोडी असते, म्हणून सूचनेवर नजर ठेवा. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांवरची झाडे वारसा वृक्ष ठरतात, आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी झाडे लावायची आहेत. हरकतीत भावनेपेक्षा मापे द्या : झाडाचा क्रमांक, बुंध्याचा घेर, रस्त्याच्या रेषेपासून अंतर. बरीच झाडे पदपथाच्या पट्टीत बसू शकतात. पुनर्रोपणाचे आश्वासन वड-पिंपळासाठी मान्य करण्यासारखे. मोठ्या आंब्या-चिंचेच्या बाबतीत त्यावर फार भरवसा ठेवू नका.

प्रश्न : कोपरखैरण्यात आमचा सेक्टरमधला रस्ता दुतर्फा गाड्यांनी भरतो. रुंदीकरणाची मागणी करावी का?
— वाचक, कोपरखैरणे, नवी मुंबई

नको. सिडकोने आखलेल्या भूखंडांच्या हद्दी दोन्हीकडे पक्क्या आहेत, रुंद व्हायला जागाच नाही. दोन्ही कडांच्या गाड्या मिळून चार मीटर खातात. सम-विषम तारखांना एकाच बाजूला पार्किंग, आणि लगतचे दोन समांतर रस्ते उलट दिशांनी एकेरी, अशी मागणी वाहतूक शाखा आणि पालिका दोघांकडे एकाच अर्जाने करा. सोबत रात्री दहानंतर उभ्या गाड्यांची मोजणी जोडा. एकेरी करताना घंटागाडी आणि अग्निशमन बंबाला वळता येईल का ते कोपऱ्यावर टेपने मोजून घ्या. नाहीतर महिनाभरात फलक उतरतो.